उंच धबधब्याकडे जाणारी वाट : दूधसागराच्या संदर्भात एक भौगोलिक विवेचन

सारांश

पावसाळी पदभ्रमण हा गेल्या काही दशकांत महाराष्ट्र व गोव्यातील तरुण वर्गाचा आवडता छंद बनला आहे. उंच धबधबे हे या पदभ्रमणाचे प्रमुख आकर्षण होय. प्रस्तुत लेखात गोवा-कर्नाटक सीमेवरील दूधसागर धबधब्याच्या आधारे उंच धबधब्याची निर्मिती, त्याच्या पाण्याची वाढ, तेथे पोहोचण्याच्या वाटा आणि त्या वाटांवरील निर्बंध यांचे विवेचन केले आहे. धबधब्याचे सौंदर्य व त्याचा धोका ही दोन्ही एकाच भौगोलिक कारणाची फळे आहेत. म्हणून धबधब्याला जाणाऱ्याने समोरच्या धारेपेक्षा तिच्या मागील पाणलोट क्षेत्राचा विचार आधी करावा, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : दूधसागर, पश्चिम घाट, पाणलोट क्षेत्र, प्रतिरोध पर्जन्य, पदभ्रमण, पर्यटन सुरक्षा.

१. प्रस्तावना

सह्याद्रीच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला धबधबा ही नवलाईची गोष्ट नाही. आषाढ लागला की प्रत्येक कड्यावरून पांढरी रेघ उतरू लागते आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावचे तरुण पाठीवर पिशव्या टाकून त्या रेघांच्या दिशेने निघतात. भूगोल, पर्यावरणशास्त्र, राष्ट्रीय सेवा योजना यांसारख्या विभागांच्या सहलीही बहुधा याच काळात निघतात. या प्रवासातून निसर्गाची ओळख होते, शरीराला कष्टाची सवय लागते आणि सहजीवनाचा अनुभव मिळतो, हे निर्विवाद आहे.

मात्र याच काळात धबधब्यांवरील अपघातांच्या बातम्याही दरवर्षी येत राहतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जणांचा वाहून जाऊन मृत्यू झाला. ते प्रवाहातील खडकावर उभे असताना पाणी वाढत गेले आणि काठावर परतण्याची वाट बंद झाली. अशा घटनेनंतर समाजात दोन प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणजे बळी पडलेल्यांना अविचारी ठरवणे आणि दुसरी म्हणजे सर्व ठिकाणे बंद करण्याची मागणी करणे. पाणी एवढ्या थोड्या वेळात कोठून आले, हा मूळ प्रश्न मात्र दोन्ही प्रतिक्रियांत अनुत्तरित राहतो. वस्तुतः त्याचे उत्तर शालेय भूगोलात शिकवलेल्या दोन-चार संकल्पनांतच दडलेले आहे.

२. उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

(१) दूधसागर धबधब्याच्या उंचीची व जलसंपन्नतेची भौगोलिक कारणे स्पष्ट करणे.
(२) धबधब्याच्या पायथ्याशी पाणी अचानक का वाढते, याचे सोदाहरण विवेचन करणे.
(३) धबधब्याकडे जाणाऱ्या वाटांचे स्वरूप व त्यांवरील निर्बंध यांचा परामर्श घेणे.
(४) महाविद्यालयीन सहली व स्वतंत्र पदभ्रमण यांच्या नियोजनासाठी उपयुक्त सूचना करणे.

लेखाचे स्वरूप विवेचनात्मक आहे. उपलब्ध भौगोलिक माहिती व प्रसिद्ध झालेल्या घटना यांचा आधार घेतला असून जेथे गणित मांडले आहे तेथे ते केवळ उदाहरणादाखल आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे.

३. दूधसागर : स्थान व स्वरूप

दूधसागर धबधबा गोव्याच्या पूर्व सीमेवर, पश्चिम घाटाच्या उतारावर आहे. त्याची उंची साधारणपणे ३१० मीटर व सरासरी रुंदी सुमारे ३० मीटर सांगितली जाते. हे पाणी एका सलग उडीत खाली येत नाही. खडकाच्या टप्प्याटप्प्यांवरून, कोठे उभे तर कोठे तिरकस, असे ते उतरते. त्यामुळे ‘उंची’ या शब्दाचा अर्थ येथे सर्व टप्प्यांची मिळून होणारी उंची असा घ्यावयाचा आहे. निरनिराळ्या लेखनांत एकाच धबधब्याच्या उंचीचे वेगवेगळे आकडे आढळतात, त्याचे एक कारण हेच आहे. कोणी एकाच उभ्या धारेची उंची सांगतो, तर कोणी माथ्यापासून तळापर्यंतच्या सर्व टप्प्यांची.

या धबधब्याच्या नावामागे एक लोककथाही सांगितली जाते. वनातील तळ्यात स्नान करून सुवर्णपात्रातून गोड दूध पिणाऱ्या राजकन्येने परका राजपुत्र दिसताच लज्जेने दुधाची धार समोर सोडून आडोसा केला, तोच हा धबधबा, अशी ती कथा. या धवलतेचे शास्त्रीय कारण असे की, खडकावर आदळून पाण्याचे असंख्य थेंब व हवेचे बुडबुडे तयार होतात आणि ते प्रकाशाचे सर्व रंग सारख्याच प्रमाणात विखुरतात. म्हणून स्वच्छ पाणी येथे दुधासारखे दिसते. ही बाब पुढे महत्त्वाची ठरणार आहे, कारण पाण्याचा हा पांढरा रंग बदलू लागणे हा पदभ्रमण करणाऱ्यासाठी धोक्याचा इशारा असतो.

धबधब्याखाली वाहणारी दूधसागर नदी पुढे खांडेपार नदीच्या रूपाने मांडवीस मिळते. गोव्यातील मोठ्या लोकवस्तीला पिण्याचे पाणी पुरवणारे ओपा येथील जलशुद्धीकरण केंद्र याच खांडेपार नदीवर आहे. पर्यटकाला जे क्षणभराचे दृश्य वाटते, ते खाली राहणाऱ्यांच्या घरातील नळाचे पाणी आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. धबधब्याचा परिसर भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यान यांच्या संरक्षित क्षेत्रात येतो. हे क्षेत्र एकूण सुमारे २४० चौरस किलोमीटर असून त्यांपैकी १०७ चौरस किलोमीटरचा भाग राष्ट्रीय उद्यान आहे. गोव्याचा राज्यप्राणी असलेला गवा येथे आढळतो.

४. उंची व पाणी यांची कारणे

उंच धबधब्यासाठी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. एक म्हणजे भूपृष्ठाची तीव्र पायरी आणि दुसरी म्हणजे त्या पायरीच्या माथ्यावर पडणारा विपुल पाऊस. पश्चिम घाटात या दोन्ही गोष्टी परस्परांशी निगडित आहेत.

पश्चिम घाट ही घड्यांची पर्वतरांग नसून पठाराची पश्चिमेकडील तुटलेली कड आहे. भारतीय भूखंड प्रथम मादागास्करपासून व नंतर सेशेल्सपासून विलग झाला. या विभाजनानंतर निर्माण झालेली किनाऱ्यालगतची कड कोट्यवधी वर्षांच्या झिजेने हळूहळू पूर्वेकडे सरकत गेली. महाराष्ट्रात ही कड बेसाल्टच्या थरांची आहे. गोव्याच्या बहुतांश भागात मात्र दख्खनचा बेसाल्ट नाही. तेथे त्याहून कितीतरी प्राचीन असे रूपांतरित खडक आढळतात व त्यांतील पायाभूत नाइस अर्थात पट्टिताश्म खडकांचे वय ३०० कोटी वर्षांहून अधिक मानले जाते. खडक बदलला तरी पायरी तीच राहिली. पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्या लांबीने कमी परंतु उताराने तीव्र असल्यामुळे त्या ही पायरी मागे मागे कोरत नेतात. धबधबा हा या चालू असलेल्या कोरीव कामाचा एक टप्पा होय.

दुसरे कारण पर्जन्याचे. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे या कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि त्यांतील बाष्पाचा पाऊस होतो. यालाच आपण प्रतिरोध पर्जन्य म्हणतो. किनाऱ्यावरील पणजीला वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, घाटात त्याहून बराच अधिक पडतो आणि घाट ओलांडून पूर्वेस धारवाडला पोहोचेपर्यंत तो सुमारे ८०० मिलिमीटरवर येतो. अर्थात कडा जेथे सर्वांत उभा असतो, जवळपास तेथेच पाऊसही सर्वांत जास्त असतो.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. ज्या उभ्या कड्यामुळे धबधबा उंच झाला, त्याच कड्याने पाऊस ओढून आणला आणि त्याच्याच तीव्र उतारामुळे पडलेले पाणी थांबण्याऐवजी तत्काळ खाली धावते. सौंदर्य व धोका येथे वेगळे करता येत नाहीत.

५. पाणी अचानक का वाढते?

धबधब्याच्या माथ्यामागे ज्या भूभागाचे पाणी एकत्र येऊन त्या धारेत उतरते, तो भूभाग म्हणजे त्या धबधब्याचे पाणलोट क्षेत्र होय. मोठ्या नदीच्या पाणलोटात पडलेले पाणी शेकडो किलोमीटर प्रवास करून दिवसांनी खाली पोहोचते. घाटमाथ्यावरील लहान व तीव्र उताराच्या पाणलोटात हाच कालावधी काही मिनिटांपासून एक-दोन तासांपर्यंत असू शकतो.

एक साधे गणित उदाहरणादाखल पाहू. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याचे पाणी ५० हजार घनमीटर, म्हणजे पाच कोटी लिटर होते. पाणलोट १० चौरस किलोमीटरचा असेल तर हे पाणी ५० कोटी लिटर होईल. त्यातील निम्मे पाणी जमिनीत मुरले अथवा रेंगाळले असे मानले, तरी उरलेले २५ कोटी लिटर तीन तासांत खाली आल्यास प्रवाहात दर सेकंदाला सरासरी २३ हजार लिटर पाण्याची भर पडते. जुलै-ऑगस्टमध्ये तर जमीन आधीच पाण्याने भरलेली असते. अशा वेळी मुरण्याचे प्रमाण घटते आणि वाहण्याचे वाढते. म्हणूनच जूनच्या पहिल्या सरीने न वाढणारा ओढा ऑगस्टमधील तेवढ्याच सरीने दुथडी भरतो.

पाण्याच्या खोलीपेक्षा त्याचा वेग अधिक घातक असतो. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या दोन्ही पायांवर सेकंदाला एक मीटर वेगाच्या प्रवाहाचा रेटा ढोबळ मानाने सात-आठ किलो वजनाएवढा असतो, तर वेग दोन मीटर झाला की तो तीस किलोंच्या घरात जातो. पायाखाली शेवाळलेला गोटा असेल तर एवढा रेटा तोल घालवण्यास पुरेसा आहे. पोहता येणाऱ्या माणसाचेही येथे फारसे चालत नाही, कारण खडकाळ प्रवाहात पोहण्यासाठी लागणारी जागाच मिळत नाही.

याखेरीज वरून येणारे दगड हा स्वतंत्र धोका आहे. पाण्याचे थेंब हवेच्या विरोधामुळे मंदावतात, दगड मात्र फारसे मंदावत नाहीत. केवळ ३० मीटर उंचीवरून सुटलेला दगड तळाशी पोहोचताना ताशी सुमारे ८७ किलोमीटर वेगाने येतो. त्यामुळे धारेच्या थेट खाली उभे राहून स्नान करण्याची प्रथा, पाणी कमी असतानाही, सुरक्षित म्हणता येत नाही.

सर्वांत लक्षणीय बाब अशी की, धबधब्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला यांपैकी कशाचीच पूर्वसूचना सहजासहजी मिळत नाही. समोरच्या कड्यामुळे माथ्यावरील आकाश दिसत नाही. तुषारांमुळे धारेतील बदल लवकर उमगत नाही. अखंड घोषामुळे वाढत्या प्रवाहाचा आवाज वेगळा ऐकू येत नाही. खाली ऊन असताना वर ढग फुटलेला असू शकतो. पाणलोटाची खबर ज्याला सर्वाधिक हवी, तो अशा जागी उभा असतो जेथून पाणलोट मुळीच दिसत नाही. उंच धबधब्यांवरील अनेक दुर्घटनांचे मूळ या भौगोलिक विसंगतीत आहे.

६. धबधब्याकडे जाणाऱ्या वाटा

दूधसागरकडे जाण्याचे परंपरेने दोन मार्ग राहिले आहेत. एक लोहमार्गाचा व दुसरा जंगलातील रस्त्याचा.

६.१ लोहमार्ग : मुरगाव बंदराला घाटमाथ्याशी जोडणारा लोहमार्ग पोर्तुगीज राजवटीत १८८०च्या दशकात बांधला गेला. मूळचा मीटरमापी असलेला हा मार्ग १९९०च्या दशकात रुंदमापी करण्यात आला. कॅसलरॉक ते कुळे हा घाटातील टप्पा सुमारे २६ किलोमीटरचा असून त्याचा चढ १:३७ इतका तीव्र आहे. धबधब्यासमोरून जाणारा रेल्वेपूल ही या मार्गाची ओळख आहे. महाराष्ट्र व कर्नाटकातील पदभ्रमण मंडळांची एक जुनी रीत अशी होती की, रात्रीच्या गाडीने कॅसलरॉकला उतरावे, पहाटे रुळांच्या कडेने बोगद्यांतून चालत धबधबा गाठावा आणि पुढे कुळ्याला उतरावे. कॅसलरॉकपासून धबधबा सुमारे १४ किलोमीटर व कुळ्यापासून सुमारे ११ किलोमीटर पडतो.

ही वाट कितीही रम्य असली तरी ती वाट नव्हे, चालू लोहमार्ग आहे. बोगद्यात गाडी आल्यास बाजूला होण्यास पुरेशी जागा मिळेलच असे नाही. पावसाच्या व धबधब्याच्या आवाजात गाडीची चाहूल लागत नाही. शिवाय खडी व स्लीपर यांच्यावरून चालताना दृष्टी सतत पायांकडे राहते. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना प्रवेश करणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ अन्वये अपराध आहे. जुलै २०२३ मध्ये येथे मोठ्या संख्येने आलेल्या पदभ्रमण करणाऱ्यांना अडवण्यात आले व त्यांपैकी काहींना उठाबशा काढायला लावल्याची चित्रफीत सर्वदूर पसरली. त्यानंतर दक्षिण-पश्चिम रेल्वेने धबधब्याचे दर्शन गाडीतूनच घ्यावे, असे जाहीर आवाहन केले. शिक्षेच्या त्या प्रकाराविषयी मतभेद होऊ शकतील, परंतु रुळांवरून चालण्यास असलेली मनाई मात्र समर्थनीय आहे.

६.२ जंगलातील रस्ता : कुळे येथून अभयारण्यातील कच्च्या रस्त्याने जीपगाड्या धबधब्याच्या अलीकडेपर्यंत जातात. पुढील अंतर दगडगोट्यांतून पायी कापावे लागते. हा रस्ता वाटेत ओढे ओलांडतो, त्यामुळे पावसाळ्यात तो बंद ठेवला जातो आणि साधारणपणे ऑक्टोबरपासून पुन्हा खुला होतो. कुळे परिसरातील अनेक कुटुंबांची उपजीविका या जीपगाड्यांवर व त्यांच्याभोवतीच्या लहान व्यवसायांवर चालते. म्हणून ‘वाट बंद’ या दोन शब्दांचा अर्थ शहरातून आलेल्या पर्यटकाला एक हुकलेली सहल एवढाच असला, तरी स्थानिकांना तो बुडालेला रोजगार असतो. धोरणाचा विचार करताना हा फरक विसरून चालणार नाही.

७. दिनदर्शिका की पाणलोट?

जुलै २०२३ मध्ये नेत्रावळी अभयारण्यातील मैनापी धबधब्यावर दोघांचा बुडून मृत्यू झाल्यानंतर गोव्याच्या वन खात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर प्रवेशबंदी लागू केली. महाराष्ट्रातही २०२४ च्या दुर्घटनेनंतर पुणे जिल्ह्यातील पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश काढण्यात आले. मनुष्यहानीनंतर प्रशासनाने तातडीने पाऊल उचलणे स्वाभाविक आहे. तथापि अशा बंदीचा पाया काय असावा, हा प्रश्न उरतोच.

या दृष्टीने १४ ऑक्टोबर २०२२ ची घटना उद्बोधक आहे. त्या दिवशी मुसळधार पावसाने दूधसागरच्या प्रवाहात एकाएकी वाढ झाली, तेथील लहान पूल कोसळला आणि पलीकडे अडकलेल्या ४० हून अधिक पर्यटकांची जीवरक्षकांना सुटका करावी लागली. सुदैवाने मोठी हानी टळली. येथे लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे हा जून-जुलै नव्हता. पावसाळी बंदीचा काळ संपून हंगाम सुरू होण्याचा तो महिना होता. पर्यटकांनी येथे काही नियम मोडला, असे म्हणण्यास जागा नाही. दिनदर्शिकेने पावसाळा संपला होता, पाणलोटात तो संपला नव्हता.

ऑक्टोबरमधील पाऊस हा मोसमी वाऱ्यांच्या माघारीच्या काळातील, बहुधा दुपारनंतर गडगडाटासह येणारा व थोड्या वेळात खूप पडणारा असतो. दुसरीकडे, जुलैतही असे अनेक दिवस असतात की ज्या दिवशी घाटात उघडीप असते आणि प्रवाह स्थिर असतो. महिन्यांवर आधारलेली बंदी पहिल्या प्रकारच्या दिवशी संरक्षण देत नाही व दुसऱ्या प्रकारच्या दिवशी विनाकारण अडवणूक करते.

यावर एक आक्षेप असा घेतला जाईल की, दररोज पाणलोट पाहून निर्णय घेणे प्रशासनाला अवघड आहे, सरसकट बंदी सोपी आहे. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. धबधबा गोव्यात, त्याच्या वरचा घाटमाथा कर्नाटकाकडे आणि मधला लोहमार्ग रेल्वेकडे, अशी येथील व्यवस्था आहे. तीन यंत्रणांचा समन्वय साधणे सोपे नाही. जीपचालकांच्या दृष्टीनेही ‘आज चालू, उद्या बंद’ ही अनिश्चितता त्रासदायक ठरू शकते. तरीसुद्धा हा मार्ग अशक्य कोटीतील नाही. कॅसलरॉक हे स्थानक घाटमाथ्यावर आहे व तेथे रेल्वेचे कर्मचारी असतात. अशा ठिकाणच्या पर्जन्यमापकाची नोंद ठरावीक वेळी कुळे येथील वन नाक्यावर पोहोचली आणि विशिष्ट मर्यादेपुढे पाऊस झाल्यास त्या दिवशीचा प्रवेश थांबवण्याचा नियम झाला, तर निर्णय व्यक्तीच्या मर्जीवर न राहता मोजमापावर येईल. मर्यादा किती मिलिमीटरची असावी, हे मात्र प्रत्यक्ष प्रवाहाच्या नोंदी ठेवूनच ठरवता येईल. परिसरातील महाविद्यालयांच्या भूगोल विभागांना येथे मोलाचे काम करता येण्यासारखे आहे.

८. पदभ्रमणाच्या नियोजनासाठी सूचना

वरील विवेचनाच्या आधारे उंच धबधब्याच्या सहलीसाठी पुढील सूचना कराव्याशा वाटतात. त्या दूधसागरपुरत्या मर्यादित नसून सह्याद्रीतील कोणत्याही उंच धबधब्यास लागू पडतील.

(१) नकाशा आधी, वाट नंतर. सहलीपूर्वी स्थलदर्शक नकाशावर धबधब्याचे पाणलोट क्षेत्र विद्यार्थ्यांकडूनच आखून घ्यावे. समोच्चरेषांचा हा सराव अभ्यासक्रमाचा भाग आहेच, येथे त्याला प्रत्यक्ष अर्थ प्राप्त होतो.

(२) माथ्याचा पाऊस पाहावा. भारतीय हवामानशास्त्र विभागाचा अंदाज पाहताना केवळ पायथ्याच्या जिल्ह्याचा पाहू नये. दूधसागरला जाणाऱ्याने गोव्याबरोबरच कॅसलरॉक ज्या जिल्ह्यात येते त्या उत्तर कन्नड जिल्ह्याचा अंदाजही पाहावा. नारिंगी वा लाल इशारा असल्यास सहल पुढे ढकलावी. आदल्या दोन दिवसांचा पाऊसही विचारात घ्यावा, कारण भिजलेल्या जमिनीवरून पाणी अधिक वेगाने उतरते.

(३) परतीची वेळ आधी ठरवावी. धबधबा गाठला असो वा नसो, ठरलेल्या वेळी मागे फिरावे. विशेषतः ऑक्टोबरमध्ये दुपार कलण्यापूर्वी प्रवाहापासून दूर झालेले बरे.

(४) ओढा ओलांडताना परतीचा विचार करावा. जाताना घोट्याएवढे असलेले पाणी येताना कमरेएवढे झाले तर काय, याचे उत्तर नसेल तर ओलांडू नये. अडकल्यास उंच जागी थांबून पाणी ओसरण्याची वाट पाहावी. लहान पाणलोटातील पूर जसा लवकर येतो तसाच तो पाऊस थांबल्यावर बऱ्याचदा लवकर ओसरतोही.

(५) प्रवाहातील खडकावर बसू नये. विसावा काठावर, पुराच्या खुणांच्या वर घ्यावा. खडकावरील गाळाची रेघ, झुडपांत अडकलेला पालापाचोळा या पुराच्या खुणा होत.

(६) एकाने पाण्यावर लक्ष ठेवावे. पाण्याच्या कडेचा एखादा दगड खूण म्हणून ठरवून दर दहा मिनिटांनी तो पाहावा. पांढरे पाणी गढूळ होऊ लागले, त्यात पाने व काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा आवाज बदलला, तर क्षणाचाही विलंब न लावता सर्वांना वर हलवावे. हा उपाय शेवटचा आहे, पहिल्या दोन सूचनांना तो पर्याय नव्हे.

(७) जंगलातील अन्य धोके. पावसाळ्यात जळवांचा त्रास होतो, परंतु तो फारसा गंभीर नसतो. कोरड्या महिन्यांत गोचिडींपासून मात्र सावध राहावे. पश्चिम घाटाच्या या पट्ट्यात गोचिडींमार्फत पसरणारा माकडताप आढळला असून गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून त्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत. अंग झाकणारे कपडे घालावेत आणि परतल्यावर ताप आल्यास डॉक्टरांना जंगलभेटीची माहिती आवर्जून द्यावी.

(८) परवानगी व पाणी यांचा मान राखावा. बंद मार्गाने, रुळांवरून वा आडवाटेने जाऊ नये. प्लॅस्टिक, साबण, उरलेले अन्न प्रवाहात टाकू नये व माकडांना खाऊ घालू नये. हेच पाणी पुढे पिण्यासाठी वापरले जाते.

९. निष्कर्ष

(१) दूधसागरची उंची, त्याचे विपुल पाणी आणि त्याचा धोका ही तिन्ही पश्चिम घाटाच्या उभ्या कड्याची फळे आहेत.

(२) लहान व तीव्र उताराच्या पाणलोटामुळे प्रवाहात थोड्या वेळात मोठी वाढ होते आणि पायथ्याशी असलेल्या व्यक्तीला तिची पूर्वसूचना मिळणे कठीण असते.

(३) लोहमार्गावरून चालण्यास असलेली मनाई योग्य आहे. तथापि केवळ महिन्यांवर आधारलेली प्रवेशबंदी अपुरी ठरते, हे ऑक्टोबर २०२२ च्या घटनेवरून दिसून येते.

(४) पाणलोटातील पर्जन्याच्या नोंदीवर आधारलेली दैनंदिन प्रवेशव्यवस्था पर्यटकांची सुरक्षितता व स्थानिकांची उपजीविका या दोहोंच्या हिताची ठरू शकेल.

(५) सहलीचे नेतृत्व करणाऱ्या अध्यापकावर पालकांनी टाकलेला विश्वास हा त्याच्यावरील सर्वांत मोठा भार असतो. हवामान पाहून सहल पुढे ढकलणे हा त्या नेतृत्वाचाच भाग मानला जावा. धबधबा पुढच्या आठवड्यातही तेथेच असतो. विद्यार्थ्याला कड्याखाली नेऊन उभे करण्यापूर्वी कड्यावर काय चालले आहे, हे विचारण्याची सवय त्याला लावता आली, तर वर्गात शिकवलेला भूगोल सार्थकी लागला असे म्हणता येईल.